साहेबांचा सकाळचा डोस

साहेब म्हणजे बोका. करडा, रुंद तोंडाचा, एका कानाला खाच. सोफेवाल्याच्या दुकानात कुठलाही सोफा शिवून तयार झाला की गिऱ्हाइकाच्या आधी हे त्यावर चढणार, पुढचे पाय पोटाखाली घेणार आणि असं बघणार, जणू आता यांची सही झाली की माल बाहेर. म्हणून नाव पडलं साहेब.

तर या साहेबांना साखर झाली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाणी ढसाढसा प्यायला लागले. खाणं तर विचारू नका, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मग एकदा त्यांनी दुकानातल्या फोमच्या ढिगावरच कार्यक्रम उरकला, आणि त्या ओल्यावर मुंग्यांची रांग लागली. सोफेवाल्याच्या बायकोनं ती रांग बघितली आणि म्हणाली, "याला शुगर आहे."

तिला कळणारच. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा आवळायचा आणि रक्त काढायचं.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासून तेच सांगितलं. दिवसातून दोनदा इन्सुलिन. सकाळी आणि संध्याकाळी, खाणं पोटात गेलं की. कायमचं. आणि निघताना दाराशी थांबवून एक गोष्ट पुन्हा सांगितली. "दिलं की नाही आठवत नसेल, तर देऊ नका. एखादा डोस राहिला तर काही होत नाही. दोनदा गेला तर बोका जातो."

सकाळचं बायकोनं घेतलं, संध्याकाळचं सोफेवाल्यानं. आता सोफेवाल्याचं म्हणाल तर हा माणूस दिवसभर वीतभर लांब, विळ्यासारख्या वाकड्या सुया रेक्झीनमधून आरपार काढतो. बोटं टोचून टोचून चामड्यासारखी झालीत. पण ती इन्सुलिनची केसाएवढी सुई हातात घेतली की याचे तळवे ओले. साहेबांच्या पाठीची कातडी चिमटीत धरायचा, सुई टेकवायचा, डोळे मिटायचा आणि दाबायचा. साहेब खात राहायचे. त्यांना कळायचंही नाही. हाच उठून पाणी प्यायचा.

घरात एक पद्धत पडली होती. ज्यानं सुई दिली त्यानं मोठ्यांदा सांगायचं, "साहेबांचं झालं." दुसऱ्यानं असेल तिथून म्हणायचं, "बरं." बाथरूममधून, गॅलरीतून, खालच्या दुकानातून जिन्याकडे तोंड करून. लिहायचं वगैरे काही नाही. तोंडी कारभार. छान चालला होता, कारण घरात तोंडं चालू होती.

मग ती बंद झाली.

झालं असं, की बायकोच्या धाकट्या भावानं नवं घर घेतलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवता जेवता विषय साहेबांवर आला, आणि बायकोला बोलायला चेव चढला. "आमच्याकडे डोळे मिटून सुई देतात. एखाद्या दिवशी बोका बाजूला सरकेल आणि हा स्वतःलाच टोचून घेईल. मग रात्री म्हणेल, अगं, मला उंदीर दिसतायत."

हसून हसून मेहुण्याला ठसका लागला. सोफेवालाही हसला. हसावंच लागतं. पण घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"गंमत केली रे."

"तुझी गंमत बरोब्बर माझ्यावरच येते."

"मग तूही कर माझ्यावर. जमत असेल तर."

बस. ते 'जमत असेल तर' याच्या घशात अडकलं, खालीही जाईना, वरही येईना. अबोला सुरू झाला.

अबोल्यात घर चालवायचं म्हणजे कुणीतरी मधला लागतो. तो झाला साहेब. हा साहेबांकडे बघून म्हणायचा, "साहेब, तुमच्या बाईंना सांगा, गॅस संपत आलाय." ती कांदा चिरता चिरता म्हणायची, "साहेब, मालकांना सांगा, मला डोळे आहेत." साहेब आपले एकदा याच्याकडे बघणार, एकदा तिच्याकडे, आणि मग भांड्याकडे. सुईचंही तसंच. संध्याकाळी हा ऐकू जाईल असं म्हणायचा, "साहेब, तुमचं झालं." सकाळी ती तेच म्हणायची. 'बरं' म्हणायचं मात्र दोघांनीही सोडलं होतं.

त्या सकाळी सोफेवाल्याला लवकर जाग आली. रात्रभर एकच विचार डोक्यात घोळत होता. बायको आंघोळीला गेली, बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि हा उठून स्वयंपाकघरात गेला. साहेबांना खायला घातलं. फ्रिजमधून बाटली काढली, तळव्यात हलक्या हातानं फिरवली, आकड्यापर्यंत औषध ओढून घेतलं. आणि डोळे उघडे ठेवले. सताड. सुई आत जाताना बघितली, बाहेर येताना बघितली. काहीच झालं नाही. घामसुद्धा नाही. एवढं सोपं असतं, आणि आपण उगाच.

मग तो ओट्याला टेकून उभा राहिला. वाक्य तयार होतं. ती बाहेर आली की साहेबांकडे बघून म्हणायचं, "साहेब, आज सकाळचं आम्ही दिलं. डोळे उघडे ठेवून. सांगा कुणाला सांगायचं ते."

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. मेहुणा, टेम्पो घेऊन. वकीलबाईंचा मोठा सोफा आज पोचवायचा होता आणि हा पठ्ठ्या हॉर्नवरचा हात काढेना. समोरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं. सोफेवाला जिना उतरताना जाता जाता म्हणाला, "साहेब, झालं बरं का तुमचं." साहेब भांडं चाटत होते. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. दोन मिनिटांत वर येतोच, असा हिशोब होता.

पण सोफा दारातून निघेना. उभा केला, आडवा केला, कलता केला.

"दाजी, तुम्ही सोफा बांधलाय की जहाज?" मेहुणा म्हणाला.

"दार लहान आहे."

"दार काल पण एवढंच होतं ना?"

पाय सोडवायचे, दाराची एक फळी उतरवायची, असं ठरलं. सोफेवाला पान्हा घेऊन जमिनीवर पालथा पडलेला असताना बायको जिना उतरून आली. खांद्याला पर्स, केस ओले. भावाला म्हणाली, "नीट चालव." नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेली.

सोफेवाल्याला वाटलं, कळलंय हिला. खाल्लेलं भांडं बघितलं असेल, आपण सुई दिली हे समजलं असेल, म्हणून तोंड फुगलंय. त्याला बरं वाटलं. खरं सांगायचं तर चांगलंच बरं वाटलं. पालथा पडल्या पडल्या तो स्वतःशी हसला.

पाय निघाले, पण एक खिळा वाकला. तो बदलेपर्यंत मेहुणा दुसरी एक फेरी मारून आला. फळी उतरवून, सोफा बाहेर काढून, पाय परत लावून टेम्पोत चढवेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मेहुणा दोर आवळत होता तेव्हा साहेब जिन्यावरून खाली आले.

आले म्हणजे, येत होते. एक पायरी उतरले आणि बसले. दुसरी उतरताना मागचे पाय घसरले. खाली जमिनीवर आल्यावर चार पावलं सरळ टाकली आणि पाचवं पाऊल भिंतीकडे गेलं.

"साहेब टाकून आलेत का?" मेहुणा हसत म्हणाला.

सोफेवालाही हसला. मग साहेबांनी डोकं भिंतीला टेकवलं आणि तसंच दाबून धरलं. मागे सरकेना, बाजूला होईना. भिंतीतून पलीकडे जायचंय असं.

सोफेवाल्यानं त्याला उचललं. अंग सैल, ओल्या टॉवेलसारखं. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या, की पिवळा रंग राहिलाच नव्हता. त्यानं नाव घेऊन हाक मारली. कानसुद्धा हलला नाही.

 त्याच क्षणी कळलं की काय झालंय. पण माणूस कळलेलं लगेच मान्य करत नाही.

तो बोक्याला घेऊन वर धावला. फ्रिज उघडला. बाटली त्यानं मागे ठेवली होती, की पुढे? आठवेना. वापरलेल्या सुया टाकायच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत बघितलं. सुयांचा नुसता खच. त्यातली आजची कुठली आणि एक की दोन, हे कुणाच्या बापाला सांगता येणार? खाण्याचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. म्हणजे तिनं उचललं. पण उचललं आणि सुई दिली, की उचललं आणि गेली?

शुगरचं मशीन कपाटात होतं. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं. ते काम नेहमी तिचं. यानं आजवर फक्त टॉर्च धरलेला. आता मेहुण्याला म्हणाला, "टॉर्च धर." पहिल्या टोचणीत रक्त आलं नाही. दुसऱ्या टोचणीत आलं ते बोटावर पुसलं गेलं. तिसऱ्या वेळी थेंब पट्टीला लागला. मशीननं आकडा दाखवलाच नाही. नुसतं 'लो'.

"लो म्हणजे?" मेहुण्यानं विचारलं.

"म्हणजे मोजता येत नाही इतकी कमी."

डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला, ऐकून घेतलं, आणि पहिलाच प्रश्न टाकला. "इन्सुलिन किती गेलंय?"

सोफेवाल्यानं सुयांच्या बाटलीकडे बघितलं.

"नीट सांगा. एकच डोस असेल तर हिरड्यांना मध चोळा, शुद्धीवर आला की खायला घाला, थोड्या वेळानं परत मोजा आणि मला फोन करा. चुकून दोनदा गेला असेल तर मध लावत लावत ताबडतोब इकडे या. दुप्पट औषध असेल तर मधानं भागत नाही, साखर परत परत खाली जात राहते. दोनदा गेलाय का?"

आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माहीत नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न आलाच, बायकोला विचारा. विचारलं नाही म्हटलं तर, का नाही विचारलं? आम्ही बोलत नाही, डॉक्टर. आम्ही बोक्यामार्फत बोलतो.

"एकच," तो म्हणाला. "नेहमीचा."

मेहुणा टॉर्च धरून उभा होता. त्यानं टॉर्च खाली केला.

मधाची बाटली सापडली. बोटावर घेऊन हिरड्यांना चोळला, ओठाच्या आतून, दातांच्या वर. बाईंनी बजावलं होतं, घशात ओतायचा नाही, ठसका लागेल. तो चोळत राहिला. बोटं चिकट, बाही चिकट, बोक्याची हनुवटी चिकट. बऱ्याच वेळानं एक कान हलला. मग जीभ बाहेर आली आणि नाकाला लागली.

"येतोय," मेहुणा म्हणाला. "दाजी, येतोय."

खाणं समोर धरलं. वास घेतला, एक घास तोंडात घेतला, तो तसाच बाहेर पडला. आणि पुन्हा मान कलली. परत मध. परत जरा जीभ. परत मान खाली. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वर यायचा आणि जास्त खाली जायचा.

तेव्हा मात्र सोफेवाल्याला स्वतःशी खोटं बोलता येईना. त्यानं लॅबच्या काउंटरला फोन लावला. बायकोचा मोबाइल कामाच्या वेळी कपाटात असतो, हे त्याला माहीत होतं.

"मॅडम सॅम्पल घेतायत," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "नंतर करा."

"घरी सीरियस आहे."

"कोण सीरियस आहे?"

"साहेब."

"कुठले साहेब?"

"तिला एवढंच सांगा. तिला कळेल."

फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज झाला. चपला वाजल्या. मग श्वास ऐकू आला. कितीतरी दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलत होती आणि पहिला शब्द होता, "काय?"

"सकाळी तू सुई दिलीस का?"

"म्हणजे? दिली ना. मीच देते सकाळी."

 पलीकडे लॅबमध्ये कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, ते ऐकू येत राहिलं.

"तू दिलीस," ती म्हणाली. विचारलं नाही. म्हणाली.

"हो."

"मशीन काय दाखवतंय?"

"लो."

"डॉक्टरबाईंना सांगितलंस दोनदा गेलं म्हणून?"

"एकच सांगितलं."

तिनं एकदा श्वास आत घेतला. आता बोलेल, वाटेल ते बोलेल, असं त्याला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. "भाऊ आहे का तिथे?" तिनं विचारलं.

"आहे."

"त्याला म्हण, आत्ता निघा. मध सोडू नकोस. मी पोचते."

टेम्पोच्या पुढच्या सीटवर फोमचे रोल कोंबलेले. ते उतरवण्यात वेळ कोण घालवणार? सोफेवाला बोक्याला घेऊन मागे चढला आणि वकीलबाईंच्या नव्याकोऱ्या सोफ्यावर बसला. मेहुण्यानं टेम्पो असा काढला की दोर करकरले.

निम्म्या रस्त्यात झटके सुरू झाले. चारही पाय ताठ, जबडा मिटलेला, अंग धनुष्यासारखं वाकडं. सोफेवाल्यानं त्याला सोफ्यावर आडवं ठेवलं आणि कडेनं स्वतःचे दोन्ही हात लावले, घरंगळू नये म्हणून. सोफा ओला झाला. मधाची बाटली कलंडली, मध फिकट कापडावर पसरत गेला. ते कापड वकीलबाईंनी तीनदा येऊन निवडलं होतं. त्याला ते दिसत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरचं असल्यासारखं. सिग्नलला टेम्पो थांबला. शेजारच्या गाडीतल्या माणसानं मान वर करून बघितलं. भर दुपारी उघड्या टेम्पोत सोफ्यावर गुडघे टेकून एक माणूस बोक्याच्या ओठात बोट घालतोय. तो माणूस हसला. सिग्नल सुटला.

"चालू आहे का?" मेहुणा पुढून ओरडला.

"श्वास चालू आहे."

मेहुण्याचा हॉर्न ऐकून डॉक्टरबाई दवाखान्याच्या दारातच येऊन उभ्या होत्या. बोक्याला टेबलावर घेतलं, पायाचे केस काढले, शीर शोधली. सोफेवाला त्यांच्या पाठीशी उभा राहून म्हणाला, "दोन गेलेत. मगाशी खोटं बोललो."

त्यांनी मान वळवली नाही. "बाहेर बसा," म्हणाल्या.

बाहेर बाकडं होतं. मेहुणा आणि तो बसले. थोड्या वेळात बायको आली, लॅबचा पांढरा कोट अंगात तसाच, खिशातून रक्त काढायचा रबरी पट्टा लोंबत असलेला. ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे मेहुणा. त्यानं एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"मी जरा टेम्पो बघून येतो," म्हणाला आणि सटकला.

"कधी दिलीस?" तिनं विचारलं.

"तू आंघोळीला होतीस तेव्हा."

"तू घातलेलं खाणं खाऊन झालेलं दिसलं. मला वाटलं, तेवढं तरी करून गेला. म्हणून लगेच सुई दिली." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "आणि सांगितलंही मी. साहेब, तुमचं झालं म्हणून. तू खाली होतास."

"मीही सांगितलं होतं."

म्हणजे दोघांनीही सांगितलं होतं. फक्त बोक्याला.

"का दिलीस पण? सकाळचं माझं असतं."

सोफेवाल्यानं हाताकडे बघितलं. मध वाळून बोटांना चिकटला होता, त्यावर करडे केस. "डोळे उघडे ठेवून देता येतं मला, ते दाखवायचं होतं."

"मी बाथरूममध्ये होते."

"हो."

"मग कुणाला दाखवत होतास?"

तो नखानं बोटावरचा मध खरवडत राहिला. 

"त्या दिवशी मी जास्त बोलले," ती म्हणाली. "ते मला तिथेच कळलं होतं, जेवतानाच. पण सगळे हसत होते." मग आवाज बदलला. "पण बाईंना एकच सांगितलंस, ते वेगळं. ते माझ्यावर ढकलता येणार नाही."

"ढकलत नाहीये."

"किती वेळ गेला त्यात?"

"गेला. बराच गेला."

ती उठली आणि दाराच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. काच पांढऱ्या रंगानं रंगवलेली होती, दिसत काहीच नव्हतं. तरी उभी राहिली. तोही जाऊन शेजारी उभा राहिला. आतून मशीनचा टिकटिक आवाज येत होता. मधेच तो थांबला तेव्हा तिनं याची बाही धरली. परत सुरू झाला तेव्हा सोडली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हातमोजे होते आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "जिवंत आहे," म्हणाल्या. "सलाइनमधून ग्लुकोज चालू आहे. साखर चढते, परत उतरते. आजची रात्र इथेच ठेवायचा. आणि एक आहे. शुद्धीवर आलाय, पण त्याला दिसत नाहीये. मेंदूला साखर कमी पडली की असं होतं. बऱ्याचदा नजर परत येते. येईलच असं सांगत नाही मी."

"लवकर आणला असता तर?" सोफेवाल्यानं विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "ते विचारून आता तुम्हाला काय मिळणार आहे?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी घरी सुईच्या वेळेला दोघंही फ्रिजपाशी आले. सवयीनं. ती स्वयंपाकघराच्या या दारातून, तो त्या दारातून. मग दोघांच्याही लक्षात आलं. तिनं फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली, त्याला दिली. तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी साहेब घरी आले. पिंजऱ्यातून बाहेर पडले, मिशा पुढे करून उभे राहिले, आणि टेबलाच्या पायाला नाक आपटलं. मागे सरकले तर खुर्चीला आपटलं. मग हलेचनात. एवढं मोठं धूड घराच्या मधोमध बसून राहिलं, कान दोन्ही दिशांना फिरवत.

बायकोला लॅबला जावंच लागलं, आदल्या दिवशी काम टाकून आली होती. ती गेल्यावर सोफेवाला खाली गेला, पिवळ्या फोमचा रोल, कात्री आणि जाड दोरा घेऊन वर आला. टेबलाचे पाय, खुर्च्यांचे पाय, पलंगाचे कोपरे, कपाटाची कड, उंबऱ्याची बाजू. जमिनीपासून बोक्याच्या डोक्याएवढं माप धरायचं, फोम गुंडाळायचा, वाकड्या सुईनं टाके घालायचे. कुठे चिकटपट्टी नाही. चिकटपट्टीचा वास साहेबांना आवडत नाही. ओट्याखालचा नळसुद्धा त्यानं गुंडाळला. दुकान दिवसभर बंद राहिलं. खाली दोघंतिघं येऊन हाका मारून गेले.

बायको संध्याकाळी आली. दारातच थांबली. सगळं घर गुडघ्यापर्यंत पिवळं झालेलं.

"आपण कुठून चालायचं?" तिनं विचारलं.

"आपल्याला दिसतं."

 तिनं वाकून टेबलाच्या पायाचा टाका बोटानं चाचपला. मग हात धुतले, बोक्याच्या कानाला टोचून साखर मोजली, डॉक्टरबाईंना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, आज अर्धा डोस चालेल. बायकोनं औषध ओढलं आणि म्हणाली, "ऐक. यापुढे एकट्यानं द्यायची नाही. तू दिलीस तर मी समोर, मी दिली तर तू. भांडण असो, ताप असो, गिऱ्हाईक असो. दोघं असल्याशिवाय फ्रिज उघडायचा नाही."

"आणि एकजण घरी नसेल तर?"

"तर डोस राहील. राहिलेला चालतो."

"बरं," तो म्हणाला.

नजर हळूहळू परत आली. आधी उजेडाकडे तोंड करायला लागले, मग हलत्या हाताकडे. एका दुपारी खाली दुकानात येऊन साहेब एका अर्धवट शिवलेल्या खुर्चीवर चढून बसले. उडी थोडी चुकली, पण बसले. सोफेवाल्यानं हातातली कात्री खाली ठेवली आणि बराच वेळ काही कापलं नाही.

राहता राहिला वकीलबाईंचा सोफा. तो परत दुकानात उभा होता, डागाची बाजू भिंतीकडे करून. सोफेवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, कापडात दोष निघाला, नवीन मागवलंय. बायकोला हे कळलं आणि जुंपली. म्हणाली, "परत तेच. खरं काय ते सांग ना बाईंना."

"काय सांगू? तुमच्या सोफ्यावर बोका मुतला?"

"हो. आणि का, तेही सांग."

"धंदा मी करतो की तू?"

"साहेब कुणामुळे आंधळे झाले होते, माझ्यामुळे की तुझ्यामुळे?"

तो ताडकन उठून खाली गेला. फोमचे तुकडे उगाच इकडचे तिकडे केले. वर भांडी आपटल्याचा आवाज येत होता. संध्याकाळ झाली. सुईची वेळ झाली. तो वाट बघत राहिला. तीही बघत असणार. वर साहेबांनी खाण्यासाठी ओरडायला सुरुवात केली होती.

जिन्याच्या वरच्या टोकाशी बायको आली. "येतोस ना?" तिथूनच म्हणाली. चेहरा अजून तसाच फुगलेला.

तो गेला. दोघं स्वयंपाकघरात फरशीवर बसले, गुडघ्याला गुडघा, मधे साहेब आणि भांडं.

"धर त्याला," ती म्हणाली.

"धरलाय."

"किती भरलंय, बघ."

त्यानं सिरिंज उजेडाकडे धरून आकडा वाचला, तिनं मान हलवली. त्यानं कातडी चिमटीत घेतली, तिनं दिली. साहेब खात राहिले.

"उद्या फोन करतो वकीलबाईंना," तो म्हणाला.

"आज कर. मी बसते शेजारी."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. नंबर लावला आणि घंटी जात असताना साहेबांच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला.